श्वास वाटून घेणारी माणसं

६ सप्टेंबर १९९७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डायानाचा अंत्यविधी झाला आणि तो जगभर टीव्हीवर दिसला. आपल्याकडेही तो घराघरांत पाहिला गेला. त्यातला पियानोवर बसून गाणारा एल्टन जॉन बहुतेकांना आठवतो. पण अगदी शेवटी, सैनिक शवपेटी खांद्यावर घेऊन दाराकडे निघाले, तेव्हा ॲबेचा कॉयर, म्हणजे तिथला गायकवृंद, वेगळंच काही गात होता. खर्जातला एक सूर धरलेला होता आणि त्याच्यावर बाकीचे आवाज अतिशय संथपणे उमलत होते, मिटत होते. शेवटाकडे सगळे आवाज मिळून अशी उसळी घेतात की आजही रेकॉर्डिंग ऐकताना अंगावर काटा येतो.

ती रचना जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराची, नाव ‘साँग फॉर अथीनी’. त्या दिवशी ती जेमतेम चार वर्षांची होती. परिचयातली एक तरुण मुलगी अपघातात गेली, तिच्यासाठी टॅव्हनरने ती १९९३ मध्ये लिहिली. साथीला एकही वाद्य नाही. बास आवाजाचे गायक सुरुवातीलाच एक खालचा सूर धरतात आणि रचना संपेपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटं, तो सुटत नाही.

माणसाची फुप्फुसं एवढा वेळ पुरत नाहीत. मग हा सूर अखंड राहतो कसा? गायक श्वास वाटून घेतात. प्रत्येकाने वेगळ्या जागी श्वास घ्यायचा. शेजारचा घेत असेल तेव्हा आपण थांबायचं. ओळ संपते तिथे सगळ्यांनाच श्वास घ्यावासा वाटतो, म्हणून नेमकं तिथे कुणी घ्यायचा नाही. बाहेर पडताना आवाज हलकेच कमी करत जायचं आणि परत येताना त्याहून हलकेच शिरायचं, इतकं की आपण आलो हे कुणाला कळू नये. प्रत्येक गायक अनेकदा थांबतो, पण गाणं एकदाही थांबत नाही.

चर्चमधलं गाणं म्हटलं की आपल्या मनात शेकडो वर्षांपूर्वीचं काहीतरी येतं. ब्रिटनमध्ये मात्र हे संगीत आजही नव्याने लिहिलं जातं, आणि देशाच्या सगळ्यात मोठ्या प्रसंगी ते नवं संगीतच पुढे केलं जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यविधीला जेम्स मॅकमिलन आणि ज्युडिथ वीअर या हयात संगीतकारांच्या नव्या रचना गायल्या गेल्या. मे २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी बारा नव्या रचना लिहून घेतल्या, त्यांतल्या पाच कॉयरसाठी होत्या. कागदावर नुकतंच उतरलेलं, कुणीही आधी न ऐकलेलं, अवघड संगीत थोड्याशा तालमींत उभं करणारी ही माणसं येतात कुठून? मला या सगळ्यातलं खरं आश्चर्य तिथे दिसतं.

तानपुऱ्याविना

आधी ते करतात काय, हे पाहू. आपल्या गायकामागे तानपुरा असतो. गायक कितीही दूर गेला तरी षड्ज तिथे वाजत असतो, परत यायला घर असतं. वाद्याविना गाणाऱ्या कॉयरला हे घर नाही. कंडक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवतो, गुणगुणून सूर देतो, आणि तिथून पुढे हातात काही नाही. तानपुराही तेच आणि गायकही तेच.

जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार कानी येतो, हे गाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तो गंधार निसर्गाचा आहे. पियानोवरचा गंधार त्याच्याशी जुळत नाही. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर पियानोचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून तो तसा बांधलेला असतो. आपल्याकडे हार्मोनियमवर इतकी वर्षं जो आक्षेप घेतला गेला, त्याचं एक मूळही यातच आहे.

कॉयरला ही तडजोड करावी लागत नाही. चार आवाज एक स्वरमेळ धरतात, तेव्हा गंधार गाणारा गायक आपला सूर केसभर उतरवतो आणि सगळा मेळ एकदम स्थिर होतो, चकाकतो. पण पुढच्याच क्षणी मेळ बदलतो. तोच सूर आता दुसऱ्या मेळाचा पंचम झालेला असतो आणि त्याला केसभर वर न्यावं लागतं. कागदावर सूर एकच लिहिलेला असतो. गाताना त्याची जागा शेजाऱ्यांवरून ठरते. ‘मी बरोबर गातोय’ याला इथे अर्थ नाही. बरोबर असणं हे दोघांत, चौघांत मिळूनच असतं.

यात एक मोठा धोकाही आहे. प्रत्येक मेळ नैसर्गिक शुद्धतेने लावत गेलं, तर काही वळणांनंतर षड्ज आपल्या मूळ जागी परत येतच नाही. वीसेक भागांचा फरक राहतो. असे फरक साठत गेले की सगळा कॉयर नकळत खाली घसरतो आणि शेवटी ऑर्गन वाजला की चूक सगळ्यांना ऐकू येते. म्हणून उत्तम गायक सतत दोन गोष्टी सांभाळत असतो: या क्षणाचा मेळ शुद्ध हवा आणि पाच मिनिटांपूर्वीचा षड्जही हरवता कामा नये.

स्वरांइतकंच महत्त्व उच्चारांना. दोघांनी एकच सूर लावला, पण एकाचा ‘आ’ उघडा आणि दुसऱ्याचा मिटलेला असेल, तर सूर जुळलेला असूनही बेसूर वाटतो, कारण तोंडाच्या आकाराबरोबर आवाजातले वरचे उपस्वर बदलतात. म्हणून ब्रिटिश कॉयरच्या तालमीत ‘आ’ किती गोल, ‘ई’ किती रुंद यावर बराच वेळ जातो. आवाजातला कंपही बहुतेकदा अगदी कमी ठेवतात. सरळ, स्वच्छ आवाजांचा एकमेकांवर जो थर बसतो, ती या गायकीची ओळख.

एका दुपारी लिहिलेली रचना

आता एक रचना जवळून पाहू. टॅव्हनरचीच ‘द लँब’. १९८२ मध्ये आपल्या लहान भाच्याच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी त्याने ती एका दुपारी लिहून काढली. शब्द विल्यम ब्लेकच्या कवितेचे. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या कॉयरने ते गायलं आणि ते रेडिओवरून सगळीकडे पोचलं.

पहिली ओळ फक्त सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाचे गायक, गातात. षड्जावरून निघायचं, शुद्ध गंधारावर उडी घ्यायची, रिषभावरून उतरत खालच्या निषादाला स्पर्श करायचा आणि षड्जावर परत. लहान मुलालाही जमेल अशी चाल. दुसऱ्या ओळीत सोप्रानो तेच पुन्हा गातात, आणि या वेळी त्यांच्या खालच्या आवाजाचे आल्टो त्यांच्यासोबत येतात. आल्टोंची चाल म्हणजे त्याच चालीचं आरशातलं रूप. वरचा आवाज जितका चढतो, तितकाच खालचा उतरतो. वरचा उतरला की खालचा चढतो. वर गंधार असतो तेव्हा खाली मंद्र सप्तकातला कोमल धैवत. चौथ्या स्वरावर तर वरचा आवाज शुद्ध निषादावर आणि खालचा त्याच्या वर, कोमल रिषभावर पोचलेला असतो. दोघांनी एकमेकांना ओलांडलेलं असतं आणि स्वर एकमेकांना घासतात. कानाला टोचतं. मग लगेच दोघेही षड्जावर भेटतात आणि टोचणं विरून जातं.

पुढे आणखी एक गंमत. चालीचे पहिले चार स्वर आणि तिच्या प्रतिबिंबातले तीन स्वर जोडून सात स्वरांची एक ओळ होते, आणि तिच्या पुढची ओळ म्हणजे तेच सात स्वर उलट क्रमाने. शेवटून पहिल्याकडे. त्यानंतर सगळं गुंतागुंतीचं बाजूला पडतं, चारही आवाज एकत्र येतात, आणि साध्या, उबदार स्वरमेळांत कडवं संपतं. सरळ, आरसा आणि उलट, एवढ्या तीन युक्त्यांवर सगळं गाणं उभं आहे. ऐकणाऱ्याला त्या कळायची गरज नाही. त्याला फक्त निरागसपणा जाणवतो आणि त्याच्या कडेने जाणारी एक बारीक वेदना.

गाणाऱ्याला मात्र हे सोपं नाही. घासणारे स्वर पियानोवर बोट ठेवलं की आपोआप वाजतात. गळ्यातून काढताना शेजारचा आवाज आपल्याला त्याच्याकडे ओढत असतो. आपल्या स्वरावर ठाम उभं राहायचं आणि तरीही त्याचं ऐकायचं, हे आठ-दहा वर्षांची मुलं करतात.

रोज संध्याकाळी

ही मुलं कशी घडतात? उत्तर फार साधं आहे. ती रोज गातात.

इंग्लंडच्या कॅथीड्रलांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या काही कॉलेजांत आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी ‘ईव्हनसाँग’ नावाची प्रार्थना होते. तिचा आराखडा १५४९ च्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आलाय. पाऊण तासाच्या या प्रार्थनेतला मोठा भाग कॉयर गातो. कॉयर समोरासमोर दोन रांगांत उभा असतो आणि ओळी इकडून तिकडे जातात. बायबलमधली दीडशे स्तोत्रं या पुस्तकात महिन्याच्या तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळींवर वाटून दिली आहेत. स्तोत्रांच्या ओळी लहानमोठ्या, वृत्तात न बसणाऱ्या, आणि चाल अगदी छोटी. मोजायला ताल नसतो. शब्द जितक्या वेगाने बोलले जातील तितक्या वेगाने, तीसेक जणांनी एका तोंडाने गायचं. कंडक्टरच्या हातापेक्षा शेजाऱ्याच्या श्वासावर भिस्त ठेवावी लागते. एकत्र ऐकण्याचं शिक्षण याहून चांगलं कुठलं असेल, असं मला वाटत नाही.

किंग्ज कॉलेजच्या कॉयरमध्ये सोळा मुलगे असतात, साधारण तेरा वर्षांपर्यंतचे. खालचे आवाज कॉलेजातले विद्यार्थी गातात. मुलं कॉलेजच्याच शाळेत शिकतात, वाद्यं शिकतात, रोज तालीम करतात आणि मग प्रार्थनेला उभी राहतात. दुसऱ्या दिवशी वेगळं संगीत असतं. एका आठवड्यात सोळाव्या शतकातला विल्यम बर्ड असू शकतो आणि काल-परवा लिहिलेली रचनाही. सगळं पाठ करणं अशक्यच, म्हणून स्वरलिपी पाहताच गाता येणं ही त्यांची रोजची गरज होऊन बसते. ब्रिटिश गायकांच्या वाचनाचं जगभर कौतुक होतं, त्याची मुळं या संध्याकाळींत आहेत.

याच किंग्जमध्ये पहिलं महायुद्ध संपलं त्या वर्षी, १९१८ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशीचा नऊ वाचनांचा आणि कॅरलगीतांचा सोहळा सुरू झाला. १९२८ पासून, एक वर्ष सोडलं तर, तो रेडिओवर ऐकवला जातो. सुरुवात एका मुलाच्या एकट्या आवाजाने होते, आणि तो मुलगा कोण हे अगदी ऐनवेळी ठरतं. जगभर ऐकला जाणारा हा सोहळा केवळ जुन्या गाण्यांवर सहज चालला असता. पण १९८२ मध्ये संगीत-दिग्दर्शक झालेल्या स्टीफन क्लीओबरीने पुढच्याच वर्षापासून दर नाताळला एक नवं कॅरल लिहून घ्यायची प्रथा पाडली. १९८५ मध्ये ज्युडिथ वीअरने लिहिलेलं ‘इल्युमिनारे, जेरुसलेम’ आज अनेक कॉयर गातात. सगळ्यात जास्त लोक ऐकत असतात त्याच दिवशी अनोळखी गाणं पुढे ठेवायचं, हे धाडस आहे. गायक तयार असल्याशिवाय ते करता येत नाही.

गाणारेच लिहिणारे

या रोजच्या गाण्यातून पुढे सगळं निघतं. बॉब चिलकॉट लहानपणी किंग्जमध्ये गायचा. फ्रेंच संगीतकार फोरेच्या ‘रेक्विएम’च्या १९६७ मधल्या रेकॉर्डिंगमध्ये एकट्या मुलाचा जो आवाज आहे, तो त्याचा. पुढे तो ‘किंग्ज सिंगर्स’ या सहा गायकांच्या जगप्रसिद्ध गटात बारा वर्षं गायला आणि मग पूर्णवेळ संगीतकार झाला. याच गटात गायलेल्या नायजेल शॉर्टने २००१ मध्ये ‘टेनेब्री’ हा कॉयर काढला. वेस्टमिन्स्टर ॲबेत लहानपणी गायलेल्या पॉल आणि बार्नबी स्मिथ या भावांनी आठ आवाजांचा ‘व्होचेस एट’ उभा केला. ज्युडिथ बिंगहॅम ही संगीतकार अनेक वर्षं बीबीसी सिंगर्समध्ये गात होती. १९९३ साली जन्मलेला ओवेन पार्क ‘जेझुआल्डो सिक्स’ या गटात बास गातो, गटाचं दिग्दर्शन करतो आणि स्वतः रचना लिहितो.

म्हणूनच हे संगीत गळ्याला ओळखीचं वाटतं. कुठला स्वर कुठल्या आवाजाला सुखाचा, श्वास कुठे लागेल, कुठे मेळ घसरेल, हे लिहिणाऱ्याने स्वतः उभं राहून अनुभवलेलं असतं. लंडनमधल्या अनेक गायकांचा आठवडाही असाच मिसळलेला असतो. चर्चमधलं गाणं, मैफली आणि मधेच सिनेमाचं रेकॉर्डिंग. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ज्यांचा समूहस्वर आपण ऐकला, ते ‘लंडन व्हॉइसेस’ अशाच गायकांचे.

वास्तू हाही या गाण्यातला एक आवाज. दगडी चर्चमध्ये सूर थांबला तरी काही सेकंद घुमत राहतो आणि पुढचा सूर त्या घुमण्यात मिसळतो. टॅव्हनरने २००३ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चसाठी ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ लिहिलं. या चर्चचा गोल भाग बाराव्या शतकातला. रचना सात तासांची, रात्री सुरू होऊन पहाटे संपणारी, अनेक भाषांतली. त्यात संस्कृतही आहे. तिच्यातली सोप्रानो होती मुंबईत जन्मलेली पॅट्रिशिया रोझारिओ. टॅव्हनरने तिच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. एखाद्या संगीतकाराने एकाच गळ्यावर इतका विश्वास टाकावा, हे क्वचित घडतं.

स्कॉटलंडच्या जेम्स मॅकमिलनची वाट वेगळी. त्याच्या स्वरांत स्कॉटिश लोकगायनातल्या हरकती आणि हुंदके आहेत. २००९ चं त्याचं ‘मिझरेरे’ हॅरी क्रिस्टोफर्सच्या ‘द सिक्स्टीन’ या कॉयरसाठी लिहिलेलं. सोळाव्या शतकात थॉमस टॅलिसने चाळीस स्वतंत्र आवाजांची एक अफाट रचना केली होती. तिला जोडीदार म्हणून मॅकमिलनने ‘ओरा सिंगर्स’साठी चाळीसच आवाजांची ‘विदी अॅक्वाम’ लिहिली. चाळीस जण, चाळीस वेगळ्या ओळी. सोबतीला तीच ओळ गाणारा कुणी नाही, त्यामुळे चुकलं तर लपायला जागा नाही.

दार किती उघडं

शतकानुशतकं कॅथीड्रलात वरचे आवाज मुलग्यांचे असत आणि आल्टोही पुरुषच गात, आवाज वर नेऊन. मुलींना तिथे जागा नव्हती. १९९१ मध्ये सॉल्सबरी कॅथीड्रलने मुलींचा स्वतंत्र कॉयर सुरू केला आणि नंतर बहुतेक कॅथीड्रलांनी तो रस्ता धरला. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये कॅरिस जोन्स ही कायमस्वरूपी नेमणूक मिळालेली पहिली स्त्री-गायिका ठरली, तीही २०१७ मध्ये. राजघराण्याच्या संगीतकाराचं मानाचं पद २०१४ मध्ये पहिल्यांदा एका स्त्रीकडे, ज्युडिथ वीअरकडे आलं आणि २०२४ मध्ये बेलीझमध्ये जन्मलेल्या एरोलिन वॉलेनकडे. इतकी वर्षं अर्ध्या समाजाला दाराबाहेर ठेवून हे संगीत किती गमावत होतं, याचा हिशेब कधीच लागणार नाही. आता दार उघडलंय आणि त्याचा फायदा ऐकू येतोय.

दुसरीकडे पैशांची टंचाई आहे. बीबीसी सिंगर्स हा १९२४ पासूनचा, पूर्णवेळ पगारावर गाणारा व्यावसायिक कॉयर. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये संगीतकार प्युलाँकने लिहिलेली ‘फिग्यूर ह्युमेन’ ही अत्यंत अवघड रचना मार्च १९४५ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा गायली ती बीबीसीच्या याच गायकांनी. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने हा कॉयर बंद करायचं जाहीर केलं. दीड लाखाहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, शेकडो संगीतकारांनी जाहीर पत्र लिहिलं, आणि त्याच महिन्यात निर्णय स्थगित करावा लागला. २०२४ मध्ये कॉयरने शंभरी गाठली.

त्या दीड लाख लोकांना मी मनापासून बरोबर मानतो. स्वरलिपी कपाटात शंभर वर्षं टिकते. पाहताच गाण्याची, शेजाऱ्याच्या श्वासावर आपला श्वास बेतण्याची कला मात्र एका पिढीचा खंड पडला तर संपते, कारण ती शिकवायला कुणी उरत नाही.

ऐकायची इच्छा असेल तर ‘द लँब’पासून सुरुवात करा आणि दुसऱ्या ओळीत आल्टो शिरतात तिथे कान द्या. मग ‘साँग फॉर अथीनी’ हेडफोन लावून ऐका आणि खालच्या सुरात कुठे सांधा सापडतो का, ते शोधा. त्यानंतर मॅकमिलनचं ‘मिझरेरे’. बीबीसी दर आठवड्याला ईव्हनसाँग रेडिओवर ऐकवते. ती मालिका १९२६ पासून चालू आहे. आणि इंग्लंडात कधी गेलात, तर संध्याकाळी एखाद्या कॅथीड्रलात जाऊन बसा. ईव्हनसाँगला तिकीट नसतं, तुमचा धर्म कुणी विचारत नाही. कधी कधी ऐकणारे गाणाऱ्यांपेक्षा कमी असतात, तरीही तालीम तितकीच झालेली असते. नव्या रचना लिहिणाऱ्यांना धाडस करता येतं ते या माणसांच्या भरवशावर, आणि तो भरवसा अशाच रिकाम्या बाकांसमोर, आठवड्याच्या मधल्या एखाद्या साध्या दिवशी कमावलेला असतो.